लांडग्याच्या पुस्तकावर अक्कांचं मत

शिवकांता अक्का पुस्तक निवडतात ते भांडं निवडल्यासारखं. पाटोद्याच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. नवरा मन्मथप्पा गल्ल्यावर आणि अक्का गिऱ्हाइकापुढे, अशी पस्तीस वर्षं गेली. गिऱ्हाईक पातेलं उचलून बोटानं वाजवून बघतं, तसं अक्का पुस्तक बरोबर मधोमध उघडतात, उभ्या उभ्या एक पान वाचतात आणि निकाल देतात. "वाजतंय. लिहा माझ्या नावावर." नाहीतर, "फुटकं हाय, बंकटभाऊ. वरून नुसती कल्हई."

बंकटभाऊ म्हणजे मी. बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या वाचनालयाचा ग्रंथपाल. झाडणारा आणि पाणी भरणाराही मीच. स्वभाव तिरसट. पान दुमडणाऱ्याला मी तोंडावर बोलतो आणि पेपर वाचता वाचता घोरणाऱ्याला उठवतो. वाचनालयाला गिऱ्हाईक कमी का, याचं हे एक कारण असावं. अक्का मात्र वीस वर्षं येत राहिल्या, दर गुरुवारी दुपारी दोन ते चार. खिडकीजवळची खुर्ची त्यांची. त्या वेळेला तिथं दुसरं कोणी बसलं तर मी त्याला काही ना काही निमित्त काढून हलवत असे.

अक्का मूळच्या धारूरच्या. चौथीत शाळा सुटली. लग्न होऊन दुकानात आल्या तेव्हा भांडी रद्दीत गुंडाळून द्यायची पद्धत होती. अक्का गुंडाळण्याआधी तो कागद वाचायच्या, आणि गिऱ्हाईक ताटकळत उभं. एकदा अप्पा वैतागून म्हणाले, "वाचायचंच आसंल तर वाचनालयात जा, गिऱ्हाईक तरी टिकंल." अप्पांनी रागात म्हटलेलं अक्कांनी परवानगी म्हणून घेतलं. दीर, जावा, सुना, नातवंडं, दुकान, सगळं सांभाळून त्या बाईचं स्वतःचं म्हणावं असं जगात काही असेल तर ते गुरुवारचे दोन तास. हे मला माहीत होतं. माहीत असून मी ते घालवले, म्हणून हे लिहायला बसलोय.

वाचनालयाची वर्षातून एकदा तपासणी होते. ग्रंथालय खात्याचे साहेब येतात आणि इतर वह्यांबरोबर अभिप्राय वही मागतात. वाचकांनी पुस्तकांवर मतं लिहायची ती वही. आता आमच्याकडे मतं सगळ्यांना आहेत, पण लिहायला कोणाचा हात उठत नाही. म्हणून तपासणीच्या आधी मी दार लावून घेतो, चार रंगांची चार पेनं घेतो आणि चाळीस अभिप्राय लिहून काढतो. दहा-बारा डाव्या हातानं, म्हणजे अक्षर वेगळं दिसतं. नावं सभासद यादीतून उचलायची. दसऱ्यानंतर आमचे निम्मे सभासद ऊसतोडीला जातात. तिकडं कर्नाटकात फडात कोयता चालवणाऱ्या माणसांनी त्याच तारखांना माझ्या वहीत कादंबऱ्यांवर मतं दिलेली आहेत. कोणी कधी विचारलं नाही.

अक्कांचं नाव मात्र मी कधी घातलं नव्हतं. खरं मत असणारी तीच एक बाई, म्हणून मी दरवर्षी त्यांच्यापुढे वही धरायचो. त्या हात मागे घ्यायच्या. "न्हाई भाऊ. माझं नाव वहीत घालू नका. बाजारात बसणारी बाई मी, उगं तोंडातोंडी कावून व्हायचं?" मी म्हणायचो, बरं.

गेल्या वर्षी लांडग्याचं पुस्तक आलं. कॉलेजात जाणाऱ्या राजनंदिनीनं हट्ट धरला होता की असली पुस्तकं फोनवर वाचून डोळे दुखतात, छापील आणा. भाषांतरित कादंबरी. मुखपृष्ठावर उघड्या छातीचा तरुण, त्याच्यामागे लांडगा, लांडग्यामागे चंद्र. नायक पौर्णिमेला लांडगा होतो आणि उरलेला महिना नायिकेवर प्रेम करतो. आमच्या बालाघाटाच्या डोंगरात खरे लांडगे आहेत. शेळ्यामेंढ्या राखणाऱ्यांना विचारा, त्यांच्यावर अजून कोणाचा जीव जडलेला नाही. पण पुस्तक काही कपाटात टिकेना. मुलींनी ते दुसऱ्या पुस्तकाच्या कव्हरात घालून नेलं. पंडित गुरुजींनी ते मुलींनी वाचण्याजोगं आहे की नाही हे तपासायला म्हणून नेलं आणि तीन आठवडे तपासलं. परत देताना म्हणाले, "भाषांतर बरं आहे."

मतं तर उतू चालली होती. एकीचं म्हणणं, नायिका फार रडते. दुसरीचं, शेवटी त्याचा लांडगेपणा गेला तिथं मजा गेली. राजनंदिनी पुस्तक परत देताना म्हणाली, "सर, लांडगा आसला तरी तिचं ऐकून घेतो. असा भेटला तर मी आजच लग्न करते." मी वही पुढे केली. ती दोन पावलं मागे सरकली. "पप्पा बघतेल."

तपासणी दुसऱ्या दिवशी होती. एकोणचाळीस अभिप्राय झाले होते. ज्येष्ठ महिला वाचकाचं मत राहिलं होतं, आणि साहेबांना ते लागतंच. यादीतल्या बाकीच्या ज्येष्ठ महिला वारलेल्या, उरल्या एकट्या अक्का. माझ्या हातात हिरवं पेन होतं आणि डोक्यात राजनंदिनीचं वाक्य. मी लिहिलं: 'नायक लांडगा असला तरी बायकोचं ऐकून घेतो. असा नवरा मिळता तर जन्माचं सोनं झालं असतं.' खाली अक्कांचं पूर्ण नाव, वय अठ्ठावन्न. खरं सांगायचं तर लिहिताना मला हसूही आलं. ते हसू मला अजून छळतं.

साहेबांनी नेमकं तेच पान उघडलं. वाचून खो खो हसले आणि वही आमच्या अध्यक्षांकडे, सुंदररावांकडे दिली. सुंदरराव बागायतदार, दोन निवडणुका लढलेले. आपल्या वाचनालयाचं कुठे कौतुक झालं की त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढतं. त्यांनी पानाचा फोटो काढला आणि 'आमच्या ज्येष्ठ वाचकाचं परखड मत' असं लिहून गावाच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत अख्ख्या बाजारानं तो पाहिला होता.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात येणारा जाणारा अप्पांना विचारू लागला, "अप्पा, पौर्णिमा कधी हाय?" कोणी जाताना कोल्हेकुई करून जायचं. आमच्याकडे एखाद्याच्या मागे लागलं की सोडायचं कधी हे लोकांना कळत नाही. त्या गुरुवारी अक्का आल्या नाहीत. पुढच्याही नाहीत.

मला तेव्हाच जाऊन सांगता आलं असतं. मी आधी सुंदररावांकडे गेलो. ते म्हणाले, "खुळा झाला का बे? एक खोटं म्हणलास तर चाळीसच्या चाळीस बघतेल. वाचनालयाचा वर्ग उतरंल, अनुदान जाईल, तुझी नोकरी जाईल. बाईचं काय, चार दिवस रुसंल." मी मान डोलावली. पटलं म्हणून नाही, सोयीचं होतं म्हणून. असे सात गुरुवार गेले. रोज खिडकीजवळची खुर्ची पुसायचो, आणि पुसताना आपण भित्रे आहोत हे स्वतःला सांगायचो. त्यानं काय होणार होतं.

आठव्या गुरुवारी दोन वाजता कुलूप लावून दुकानात गेलो. अप्पा गल्ल्यावर होते, अक्का खाली बसून ताटं पुसत होत्या. मी उभ्यानंच म्हणालो, "अप्पा, त्या वहीतलं मी लिहिलंय. अक्कांनी ते पुस्तक पाहिलंसुद्धा न्हाई."

अप्पा रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं आणि चहा सांगितला.

"ते आमाला कळलंतं," अक्का म्हणाल्या. "माझं अक्षर ह्यांना ठावं हाय. पस्तीस वर्षं झाली, पुड्यावर भाव मीच लिहिते."

"मग अक्का, तुम्ही..."

"ह्यांनी त्या राती जेवताना इचारलं. म्हणले, अक्षर तुझं न्हाई, पर मी तुझं कधी ऐकून घेतलं न्हाई, हे खरं का? काय सांगायचं भाऊ मी? खरं म्हणलं तर ह्यांना लागतंय, खोटं म्हणलं तर मला. हा इषय आमच्या घरात कधीच निघाला नसता. तुमी काढला, तेबी माझ्या नावानं."

अप्पा गल्ल्यातल्या चिठ्ठ्या उगीच खालीवर करत होते. चहा आला. तो तसाच ठेवून उठता येईना. शेवटी अक्काच म्हणाल्या, "ते पुस्तक द्या आणून. गावानं वाचलं म्हणून ठरिवलंय, तर वाचून तरी टाकते." मी तसाच पळत जाऊन आणून दिलं. त्यांनी ते मधे उघडून पाहिलं नाही. नुसतं ताटांच्या चळतीवर ठेवलं.

पुढच्या गुरुवारी दोनला त्या आल्या. मला इतका आनंद झाला की मी पंखा लावायला धावलो. अक्का खुर्चीकडे गेल्या नाहीत. टेबलापाशी उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "वही द्या. पेन द्या." वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी वहीत लिहिलं. मोठं, भाव लिहिल्यासारखं ठसठशीत अक्षर. सही केली, पुस्तक ठेवलं आणि गेल्या. मी वही जवळ ओढली.

'आधीचे मत माझे नाही. पुस्तक आता वाचले. मधे वाजते, शेवट फुटका आहे. लांडगा पहिल्याच भेटीत बाईला सांगतो की मी असा आहे, पौर्णिमेला जवळ येऊ नको. म्हणून मला त्याची भीती वाटली नाही. ज्याच्यासमोर मी वीस वर्षे खाली मान घालून निर्धास्त वाचत बसले, त्याने कधी सांगितले नाही. शिवकांता.'

मी ते किती वेळा वाचलं ते सांगत नाही. लाज वाटत होती आणि वाचल्यावाचून राहवतही नव्हतं.

आता दर गुरुवारी दोनला अप्पा येतात. चप्पल बाहेर काढून, देवळात आल्यासारखे. पहिल्यांदा म्हणाले, "तिनं सांगितलंय, जाडं द्या." मी विचारलं, अक्का वाचतात का घरी? "वाचती. दुकान बंद केल्यावर मोठ्यानं वाचती, मी ऐकतो," असं म्हणून ते पुस्तकाकडे बघत राहिले. "आमच्यात त्या पुस्तकानं एवढं झालं बघा." मी विचारलं, त्या इकडं कधी येणार? अप्पांनी पिशवीची गाठ मारली, मग म्हणाले, "तिचं म्हणणं, तुमच्या वहीत दोन शिवकांता हायत. खोटी हाय तवर खरी येणार न्हाई."

पान फाडता येत नाही, पानांवर आकडे आणि शिक्के आहेत. परवा साहेबांची पुन्हा तारीख आली. या वेळी मी दार लावून घेतलं नाही. एकच पेन घेतलं, लाल. अक्कांच्या नावचं ते हिरवं वाक्य खोडलं. मग वाटलं, एकटंच कसं खोडायचं? म्हणून वरचं खोडलं, खालचं खोडलं, ऊसतोडीला गेलेल्यांची खोडली, डाव्या हातानं लिहिलेली खोडली, आणि प्रत्येकाच्या बाजूला 'हे मी लिहिले' म्हणून सही केली. चाळीस सह्या झाल्या. वर्षभराच्या वहीत न खोडलेलं मत एकच उरलं, आणि ते माझ्याविषयी आहे.

साहेब उद्या येतील. उद्या गुरुवार आहे. खुर्ची मी आजच पुसून ठेवली.