तीन टोप्यांचे साहेब

सरकारी किंवा निमसरकारी ऑफिसात मोडक्या खुर्च्या कशा साठतात, ठाऊक आहे ना? टाकून द्यायला वरिष्ठांची मंजुरी लागते, ती कधी येत नाही, आणि कोपऱ्यातला ढीग वाढत जातो. किश्श्यांचं तसंच! नोकरीत होतो तोवर हे तोंडातून काढायची सोय नव्हती. आता निवृत्त होऊनही पुष्कळ दिवस झाले, शिवाय तुम्ही चहा पाजताय, तर थोडा ढीग उपसतो. विद्यापीठाचं नाव मात्र विचारू नका राव. पेन्शन अजून तिथूनच येतं!

तेव्हा पन्नासचं दशक चालू होतं. चिंचवड स्टेशनच्या पलीकडे, लढाई संपल्यावर रिकाम्या पडलेल्या बराकींत विद्यापीठानं एक केंद्र काढलं होतं. पिंपरीच्या बाजूला कारखाने उठायला लागले होते आणि त्यांना शिकलेली माणसं हवी होती. एक प्रयोगशाळा, एक वसतिगृह, एक भांडार आणि एक ऑफिस, एवढाच पसारा. मी रत्नागिरीकडून आलेला एकवीस वर्षांचा टायपिस्ट. ऑफिसात टायपिस्टाला सगळं कळतं, कारण सगळ्यांची बिलं त्याच्याच बोटांखालून जातात.

केंद्राचे प्रमुख शेवडे साहेब. माणूस हुशार, इंग्रजी फर्डं, मनानं वाईट नाही. पण पगारापेक्षा भत्त्यावर जीव! आमचे हेडक्लार्क दामले अण्णा म्हणायचे, "पगार घरी सांगावा लागतो रे. भत्ता कुठे सांगावा लागतो?"

आमची एक खास बोलीच तयार झाली होती. जादा पदाचा कार्यभार आणि त्याचा भत्ता म्हणजे 'टोपी'. जवळच्या गावाला लांबून गेल्याचं दाखवून मैल वाढवले, की तो 'वळसा'. आणि आठ तास बाहेर काढून पूर्ण दिवसाचा भत्ता पदरात पाडून घेतला, की तो 'मुक्काम'. अण्णा सकाळी खुर्चीत बसता बसता मला विचारायचे, "आज काय बातमी? टोपी, वळसा, की मुक्काम?"

साहेबांच्या डोक्यावर मूळ पदाशिवाय तीन टोप्या होत्या. ते वसतिगृहाचे वॉर्डन, भांडाराचे अधिकारी आणि प्रयोगशाळेचे प्रमुख. प्रयोगशाळेत त्यांचं पाऊल पडलेलं मी कधी पाहिलं नाही. ती सांभाळायचा गेनबा.

* * *

गेनबा थेरगावचा. रोज पवना ओलांडून यायचा, पावसाळ्यात नदी चढली की लांबून पुलावरून. बाटल्या धुणं, सशांना चारा घालणं, शिवाय ऑफिसात शिपाई कमी म्हणून टपाल फिरवणं, सगळं त्याच्याकडे. सहा वर्षं झाली तरी 'टेंपररी'. दर सहा महिन्यांनी त्याला एक दिवसाचा ब्रेक देत, म्हणजे नोकरी सलग दिसायला नको.

ब्रेकच्या दिवशीही तो यायचाच. "सशांना काय ठावं बिरेक?" म्हणायचा.

अशाच एका ब्रेकच्या दिवशी साहेबांनी घंटी वाजवली. गेनबा सवयीनं आत गेला. साहेबांनी वर पाहिलं.

"अरे, तू आज नोकरीत नाहीस ना?"

"न्हाई सायेब."

"बरं. मग पाणी आण!"

आम्ही बाहेर हसलो. मीही हसलो, आणि नंतर मला माझीच लाज वाटली. कारण गेनबाचं पुढचं सगळं कायम होण्याच्या एका कागदावर होतं. कायम झाला तर पेन्शन, आजारपणाची रजा, आणि नदीच्या अलीकडे बराकीतली एक खोली. चाळिशी उलटली की नियमानं कायम करता येत नव्हतं, आणि रजिस्टरातल्या जन्मतारखेप्रमाणे तो येत्या एक एप्रिलला चाळीस पुरा करणार होता. ती तारीख कुणी लिहिली, हे त्यालाही माहीत नव्हतं!

त्याचा अर्ज दरवर्षी साहेबांकडे जायचा आणि "पुढील वर्षी विचार व्हावा" असा शेरा घेऊन परत यायचा. खरं कारण अण्णांनी मला सांगितलं. "एक कायम पद मागितलं की वरचे लोक केंद्रातली सगळीच पदं मोजायला बसतात. मग टोप्याही मोजतील ना!"

* * *

टोपी टिकवायची तर त्या पदाला काम आहे हे दाखवावं लागे. काम दाखवायचं म्हणजे पत्रव्यवहार. त्यातून एक लढाई झाली, ती अशी.

वॉर्डन म्हणून साहेबांनी भांडाराला पत्र लिहिलं, "वसतिगृहास बारा कंदील तातडीने पुरवावेत." भांडार अधिकारी म्हणून त्यांनी उत्तर दिलं, "मागणी अवास्तव वाटते." वॉर्डन चिडले. "विद्यार्थ्यांचे नुकसान झाल्यास जबाबदारी आपली राहील." भांडार अधिकारी त्याहून चिडले. "आपल्या पत्रातील भाषेबद्दल खुलासा करावा!"

दोन्हीकडची पत्रं मीच टाइप करायचो. साहेब एका खुर्चीत बसूनच मजकूर सांगायचे, पण भांडार अधिकारी झाले की त्यांचा आवाजच बदलायचा.

आवक-जावक नोंद मात्र नियमानंच व्हायला हवी. म्हणून गेनबा साहेबांच्या टेबलावरून पत्र उचलायचा, बाहेर येऊन जावक बुकात आमच्याकडून नोंद करून घ्यायचा, व्हरांड्याला चक्कर मारून आवक बुकात सही घ्यायचा आणि पत्र त्याच टेबलावर नेऊन ठेवायचा. एका दुपारी सातवी चक्कर झाली तेव्हा अण्णांनी विचारलं, "काय गेनबा, आत काय चाललंय?"

गेनबा घाम पुसत म्हणाला, "काय इच्यारू नगा अण्णा. दोगंबी हट्टाला पेटल्याती!"

कंदील शेवटी आले नाहीत. तोवर वसतिगृहात वीज आली होती.

* * *

चाकणला आमचं एक छोटं वर्गघर होतं. तिथलं साहेबांचं काम अर्ध्या तासाचं, पण आठ तास झाल्याशिवाय मुक्काम लागू होत नाही. मग उरलेले साडेसात तास साहेब कुठे काढणार? बाजारात! कांद्याच्या लिलावाजवळ एका अडत्यानं त्यांना ठरलेली गादी दिली होती. अडत्या म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणारा. साहेब तिथे लोडाला टेकून पेपर वाचायचे.

एके दिवशी दुपारी जेवण जड झालं. साहेबांना डुलकी लागली. समोर कांद्याची बोली चाललेली. अडत्या आकडा पुकारायचा आणि साहेबांची मान खाली जायची. अडत्या पुढचा आकडा पुकारायचा, मान पुन्हा खाली! बाकीचे व्यापारी दबकले. एवढा कोटवाला माणूस इतक्या ठामपणे घेतोय म्हटल्यावर त्यांनी नाद सोडला.

साहेब जागे झाले तेव्हा अकरा पोती कांदा त्यांच्या नावावर होता.

आता नाही म्हणावं, तर डुलकी कबूल करावी लागते. साहेब डगमगले नाहीत. पटकन वॉर्डनची टोपी चढवली आणि वसतिगृहासाठी खरेदी लावून टाकली. त्यानंतर दोन महिने मेसमध्ये कांद्याची भाजी, कांद्याची आमटी, कांद्याची कोशिंबीर. आमची बोली तोवर मेसपर्यंत पोचली होती. शेवटी मराठवाड्याकडचा एक विद्यार्थी ताट पुढे सरकवत आचाऱ्याला म्हणाला, "मामा, साहेबांचा मुक्काम अजून किती पोती उरलाय हो?"

* * *

आणि मग ऑडिटर आले!

पुण्याहून आलेले, किडकिडीत, अबोल गृहस्थ. त्यांना साहेबांच्या चाकणच्या बिलांत रस होता. चिंचवडहून चाकणला भोसरी-मोशीवरून सरळ जाता येतं. साहेबांच्या बिलात मात्र दर खेपेला आधी पुणे आणि मग चाकण. कारण एकच, "भोसरीचा रस्ता नादुरुस्त."

ऑडिटर म्हणाले, "चाकणचं वर्गघर पाहू या." साहेबांनी आपली गाडी काढली. मागे मी फायली मांडीवर घेऊन आणि गेनबा डबा सांभाळत. अकरा वाजून गेलेले, ऑडिटरांना भूक लागलेली, आणि बोलण्याच्या नादात साहेबांनी गाडी सवयीनं भोसरीकडे घातली. रस्ता कसा, तर झकास!

बऱ्याच वेळानं ऑडिटर म्हणाले, "चांगला आहे की रस्ता."

साहेबांनी एका क्षणाचाही उशीर केला नाही. "हो ना! कालच सुरू झाला."

मोशीला हॉटेलापाशी गाडी थांबली. साहेब उतरायच्या आत हॉटेलवाला धावत बाहेर आला. "या सायेब! न्हेमीचाच का? बिनसाखरेचा?"

मी फायलीत तोंड घातलं. गेनबानं डबा घट्ट धरला. ऑडिटरांनी मात्र शांतपणे दोन कप चहा घेतला, पैसे स्वतः दिले आणि हॉटेलवाल्याला एवढंच विचारलं, "तुमचं हॉटेल किती वर्षांचं?"

* * *

आम्हाला वाटलं, आता साहेबांची धडगत नाही. पण ऑडिटर मुरलेला माणूस. वळशांच्या जादा मैलांचे पैसे त्यांनी सरळ वसूल करायला लावले आणि टोप्यांबद्दल एकच ओळ लिहिली. ज्या विभागात एकही कायम नोकर नाही, तो विभाग धरू नये, आणि त्याच्या प्रमुखाचा भत्ता एक एप्रिलपासून बंद करावा.

पत्र मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आलं. साहेब ते वाचून बराच वेळ पंख्याकडे पाहत बसले. टोप्या तर आता मोजल्याच गेल्या होत्या. मग बोटांवर हिशेब सुरू झाला. वसतिगृहाचा आचारी कायम होता. भांडारातला कारकून कायम होता. प्रयोगशाळेत माणूसच एक, आणि तो टेंपररी!

साहेबांनी घंटी वाजवली. "अण्णा, तो आपला गेनबा... इतकी वर्षं झाली, त्याच्यावर फार अन्याय होतोय असं नाही वाटत तुम्हाला?"

अण्णांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "कधीपासून वाटतंय साहेब. आजपासून आपल्यालाही वाटतंय, फार बरं झालं."

त्या दिवशी जी धावपळ झाली, तशी मी पुढच्या सगळ्या नोकरीत पाहिली नाही. मी टाइप करत होतो, अण्णा नियम काढत होते, साहेब स्वतः उभे राहून कागदांना टाचण्या लावत होते. प्रयोगशाळा प्रमुखांनी शिफारस केली, भांडार अधिकाऱ्यांनी वर्तणूक उत्तम असल्याचं लिहिलं, वॉर्डननी रिकामी खोली असल्याचा दाखला दिला. कागद अर्थातच गेनबाच फिरवत होता. त्यात काय आहे ते त्याला वाचता येत नव्हतं, आणि आम्ही मुद्दामच सांगितलं नाही, कारण हा अर्ज सहा वेळा परत आला होता. एका चकरेत तो माझ्याजवळ थांबून हळूच म्हणाला, "भाऊ, आज सायेब लोकांचं लई गुळपीठ दिसतंय!"

मला हसू आलं आणि रडूही. मी टाइपरायटरकडे वळलो आणि त्याचं नाव पुन्हा एकदा वाचून पाहिलं. त्यात एकही चूक राहायला नको होती.

* * *

आता शेवटचा किस्सा. निवड समिती तीन सदस्यांची हवी, असा नियम होता. वॉर्डन, भांडार अधिकारी आणि प्रयोगशाळा प्रमुख. समितीची बैठक तीस मार्चला दुपारी साहेबांच्या खोलीत भरली. टेबलामागे तीन खुर्च्या मांडल्या होत्या. मधल्या खुर्चीत साहेब बसले. अण्णा इतिवृत्त लिहायला, मी टाइप करायला.

आता गेनबाला खरं सांगणं भाग होतं. अण्णांनी त्याला दारातच सांगितलं, "तुला कायम करायचंय. आत समिती बसलीय, तिघांची. विचारतील त्याची नीट उत्तरं दे."

गेनबानं डोक्याचं मुंडासं सारखं केलं, आत आला, आणि आधी डावीकडच्या रिकाम्या खुर्चीला हात जोडले, मग साहेबांना, मग उजवीकडच्या रिकाम्या खुर्चीला.

साहेबांनी घसा साफ केला. प्रत्येक सदस्यानं एक प्रश्न विचारायला हवा होता, म्हणून त्यांनी तीन प्रश्न विचारले. सशांना किती वेळा चारा घालतोस? बाटल्या कशानं धुतोस? खोली दिली तर स्वच्छ ठेवशील का? गेनबानं सगळ्याची उत्तरं दिली. अण्णांनी लिहून घेतली. साहेबांनी तीन ठिकाणी तीन सह्या केल्या आणि कागद पुढे सरकवला.

"इथे सही कर. की अंगठा?"

"सही करतो. नाव शिकलोय."

त्यानं टाक हातात घेतला, पण टेकवला नाही. तो तसाच उभा राहिला.

"काय झालं? काही विचारायचंय का?"

"व्हय सायेब. एकच." गेनबानं तिन्ही खुर्च्यांवरून नजर फिरवली. त्याच्या आवाजात राग नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं. "सहा वर्सं माजा अर्ज परत येत व्हता. तुमा तिगांतल्या कोन्त्या सायबानं त्यो अडवला व्हता?"

अण्णांचा टाक थांबला. माझी बोटं टाइपरायटरवर तशीच राहिली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग खिडकीबाहेर पाहत, अगदी हळू म्हणाले,

"तो आज रजेवर आहे, गेनबा."

गेनबा लगेच कागदावर वाकला.

"मंग त्यो परत यायच्या आत उरकतो!"