काटा नव्हता लागला

“इले मागं न्या. पूजेच्या वक्ती असा डोळा समोर नको.”

मालकीणबाईनं हे सगळ्या बायाईसमोर म्हणलं. बाभुळगावजवळचं शेत. कापसाच्या पयल्या वेच्याची पूजा होती. मी कडूलिंबाच्या मागं जाऊन उभी राह्यली. माय खाली मान घालून उभी.

त्याच शेतात माहा डोळा गेलता. बोंडअळीनं कापसाची पराटी खाल्ली होती, मालक सारखे फवारे मारून घेत होते. मी पाणी आणून देत होती. पंपाची नळी सुटली अन् औषध डोळ्यात गेलं. बुबुळ पांढरं पडलं. तरी लाज मलेच. ओढणी डोळ्यावर ओढूनच मी फिरू लागली. घरातला आरसा काढून टाकला.

डोळ्यातून पू आला तवा गाव बोलाले लागलं. मंग मालकानं सोताच्या गाडीत नागपूरले नेलं. वाटंत म्हणाले, “काटा लागला, असं सांगजो.”

मी हो म्हणून मान हालवली. त्याचीच लाज आजवर जात नाई.

डॉक्टरबाईनं डोळा तपासला. म्हणाल्या, “बुबुळ फार पातळ झालंय. दान केलेलं बुबुळ मिळेपर्यंत हा डोळा टिकणार नाही. एक नवं जेल आहे, पाण्यासारखं स्वच्छ. जखमेत भरून उजेड टाकला की घट्ट होतं. पण औषधानं जळलेल्या डोळ्याला आधी वेगळा इलाज लागतो. कशानं लागलं?”

“काटा,” मालक म्हणाले.

“तिला सांगू द्या.”

मी मालकाकडं पाह्यलं. माय त्याईच्याच शेतात कामाले. आमची चूल त्याईच्याच मजुरीवर.

“काटा नाई जी. फवारणीचं औषध. याईच्याच शेतात.”

मालक उठून गेले. गाडीही गेली.

इलाज झाला, मंग जेल भरलं. डोळा फुटला नाई. पण त्यातून उजेड दिसते, माणूस ओळखू येत नाई. मायले अन् मले आता कोणी वेच्याले बोलवत नाई. मालकाचा निरोप आला, काटाच होता म्हण, काम देतो. माय रडली.

“जाय पोरी, पाया पड त्याईच्या.”

मी गेली नाई. जाणार नाई. कोणी इचारलं तर औषध सांगीन, शेत सांगीन, मालकाचं नाव सांगीन. मायनं माह्या तोंडावर हात ठेवला, तरी सांगीन.