गादीतला कापूस

आमचे ड्रिलमास्तर एष्टीतून उतरत, ते बघण्यासारखं असे. गुडघे कुरकुरत असले तरी शेवटच्या पायरीवरून दोन्ही पाय जोडून जमिनीवर येत, जरासे वाकत आणि क्षणभर खांबासारखे उभे राहत. हातातली भाजीची पिशवीसुद्धा हलत नसे. मग स्वतःशीच म्हणत, "उतरलो बुवा." कंडक्टर बिचारा तोवर घंटीची दोरी धरून थांबलेला असे.

महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मी खामगावच्या शाळेत मराठी शिकवत होतो. मास्तर तेव्हा जेमतेम तिशीचे, पण जिम्नॅस्ट म्हणून निवृत्त झालेले. इतक्या लवकर निवृत्त झालेला माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी तोवर पाहिला नव्हता.

त्यांचे वडील जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, हमाल. मास्तर कोलांट्या शिकले ते जिनाच्या आवारात, कापसाच्या गंजीवर. रखवालदार हाकलून लावी, हे पुन्हा चढत. पुढे व्यायामशाळेच्या डबलबारवर तयार झाले आणि थेट दिल्लीच्या सामन्यांना गेले. तिथे हवेत सगळं देखणं झालं, पण उतरताना पाय कापूस शोधत राहिले आणि मास्तरांनी सगळ्यांसमोर बसकण मारली. "पंगतीले बसलो जसा," असं ते स्वतःच सांगत.

परत आल्यावर त्यांनी कापसाचं नाव टाकलं. वर्षभर कडक जमिनीवर उड्या मारल्या. पुढच्या खेपेला असे उतरले की पंचांनीही मान डोलावली. पदक मिळालं आणि गुडघे गेले. त्यानंतर बारला त्यांचा हात लागला तो पुसण्यापुरता.

पोरं घडवायचा ध्यास मात्र सुटला नाही. आमच्या शाळेत वच्छला नावाची, जिनातल्याच एका मजुराची पोर होती. ती बारवरून कोलांटी घेऊन उतरे, तेव्हा मी शिकवणं थांबवून खिडकीशी जाई. तिला बुलढाण्याच्या सामन्यांना न्यायचं ठरलं. तिथे उतरायला साधी सतरंजी आणि खाली दगडासारखी जमीन. इथे मात्र गावातल्या एका शेठजींनी शाळेला कापसानं गच्च भरलेली गादी दिली होती. वच्छला तिच्यावर निर्धास्त उड्या मारायची.

काही महिन्यांनी शेठजी शाळेत आले. गादी हातानं दाबली आणि त्यांचा चेहरा उतरला. निम्मा कापूस नव्हता. शिपाई म्हणाला, मास्तर दर शनिवारी पिशवी भरून काहीतरी घरी नेतात. खामगावात कापूस चोरणं म्हणजे हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. मुख्याध्यापकांनी जाब विचारला, तर मास्तर म्हणाले, "सामने होऊ द्या, मंग सांगतो."

"नाही पटलं तर राजीनामा द्यावा लागेल," मुख्याध्यापक म्हणाले.

"देईन नं."

संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर गेलो. कोपऱ्यात कापसानं भरलेलं पोतं होतं.

"मास्तर, हे काय?"

"गादीतला हाय, गुरुजी. थोडाथोडा काढतो. मी एकाएकी कापूस सोडला, म्हून गुडघे गेले. तिचा हळूहळू सोडवून राह्यलो. तिच्या पायाले पत्ता नाही लागला पाह्यजे."

"मग साहेबांना सांगा की."

"आज सांगतलं तं उद्या शाळाभर होते. पोरगी खाली पाहीन, मंग पडनच." पोत्याचं तोंड आवळत म्हणाले, "मले चोर म्हनतात तं म्हनू द्या."

अशा माणसाच्या शेजारच्या वर्गात आपण शिकवतो, याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला. शिक्षकांच्या खोलीत ते आले की बोलणं थांबे. मास्तर बशीत चहा ओतून शांतपणे पीत.

बुलढाण्याला वच्छला सतरंजीवर उतरली. पाय जोडून, जराशी वाकून, क्षणभर खांबासारखी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर डोळे पुसत होते. परतल्याबरोबर ते पोतं डोक्यावर घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. शेठजींनी कापूस परत घेतला नाही. "तुमच्याकडंच राहू द्या, मास्तर," एवढंच ते म्हणाले.

वच्छला पुढे मोताळ्याला खेळाची शिक्षिका झाली. म्हातारपणी मास्तर खाटेला खिळले, तेव्हा तीच धावून आली. खाटेवर नुसतं कांबळं होतं. तिनं ते जुनं पोतं शोधलं, कापूस पिंजून घेतला आणि गादी भरून आणली. आम्ही दोघांनी मास्तरांना उचलून गादीवर ठेवलं. त्यांनी तळव्यानं गादी दाबून पाहिली.

"लय जाड भरली वं."

"हाव, मास्तर."

"हिच्यातला आता काढू नोको, पोरी."

ती हसता हसता रडायला लागली. मीही तोंड फिरवलं.

त्या हिवाळ्यात मास्तर गेले. गादी तशीच जाड होती.