मासोळ्यांची भागीदारी

केनवडच्या बाजारात एक जण मासोळ्या विकायचा. एक दिवस मला म्हणाला, "बाबा, टाकं तुमचं, मासोळ्या माह्या. त्यायच्या घाणीचं पाणी पालकाले खत, तेच फिरून टाक्यात. दोन्ही विकू, निम्मं-निम्मं."

भागीदारी झाली, नाव विचारायचं राहूनच गेलं. टाक्याजवळ आला की तो चप्पल काढायचा, पाहुण्याच्या घरात शिरल्यासारखा.

पालकावर मावा पडला तसा मी फवारणीचा पंप पाठीवर घेतला. तो आडवा आला.

"औषध टाक्यात उतरते, मासोळ्या मरतीन. त्या बी भागीदार आहेत, आधी त्यायले विचारा."

"जिंदगीभर फवारून राह्यलो, आता मासोळीले विचारू?"

तो बसून एकेका पानावरचा मावा अंगठ्यानं पुसू लागला.

माघार घेणं आपल्या रक्तात नाही. भरला पंप पाठीवर तसाच ठेवून मी त्याच्यासमोर बसलो अन् दुपारपर्यंत पानं पुसली.