रिपोर्टवरचं आडनाव

वहिनींनी माझं सर्टिफिकेट चौरंगावरून उचललं आणि प्रिंटरवर नेऊन ठेवलं.

मुलुंडचं आमचं सीएचं ऑफिस. लक्ष्मीपूजनाची दुपार. चौरंगावर लाल कापड, त्यावर सगळ्यांचे लॅपटॉप, कुंकवाची बोटं उठलेली. आमच्याकडे एक पद्धत आहे. वर्षभरात जो कुणी परीक्षा पास होतो, तो आपलं सर्टिफिकेट पूजेला मांडतो. त्या वर्षी आम्ही दोघी होतो. प्राची सीए झाली होती. मी फॉरेन्सिक अकाउंटिंगची परीक्षा पास झाले होते, म्हणजे हिशेबातली लबाडी शोधून ती पुराव्यानिशी मांडण्याची. सरच म्हणाले होते, "ठेव ना गं तुझं पण." म्हणून ठेवलं. हौसेनं फ्रेम करून आणलं होतं.

वहिनी म्हणजे सरांच्या बायको. घरून करंज्यांचा डबा घेऊन आल्या. चौरंगाकडे बघून म्हणाल्या, "हे कुणाचं?" मग वाकून नाव वाचलं. पूर्ण वाचलं. आडनावापाशी पोचल्याचं मला त्यांच्या मानेवरून कळलं. ते कळायला कुठला कोर्स लागत नाही, आम्हाला शाळेपासून येतं.

फ्रेम त्यांनी दोन बोटांनी धरली होती. ती प्रिंटरवर गेली आणि त्या जागी करंज्यांचं ताट आलं. त्याआधी त्यांनी फुलानं तिथे पाणी शिंपडलं. पूजेआधी शिंपडतातच. पण प्राचीच्या सर्टिफिकेटपाशी नाही शिंपडलं.

मी काही विचारलं नव्हतं. त्याच बोलल्या.

"अगं, जागा कमी आहे म्हणून हं. आणि काच आहे, पडली बिडली तर? आणि तुझं ते आपलं सीए थोडंच आहे, बाहेरचं काहीतरी आहे ना."

अभ्यासात एक गोष्ट घोकून घेतली होती. समोरचा माणूस न विचारता कारण द्यायला लागला की हातातलं पेन खाली ठेवायचं नाही. एका कृतीला तीन कारणं आली, तर खरं चौथं असतं. सगळा कोर्स असा तिथल्या तिथे उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

सरांनी सगळं बघितलं होतं. ते म्हणाले, "चला, आरतीला या." मी आले. टाळ्या वाजवल्या. करंजीसुद्धा खाल्ली. चांगली झाली होती, याचाच जास्त राग आला.

घरी विक्रोळीला आईला यातलं काही सांगितलं नाही. तिनं दवाखान्यात आयाचं काम करून आम्हाला वाढवलं. परीक्षा पास झाले त्या दिवशी अंधेरीच्या सेंटरबाहेरून तिला फोन केला होता. तिनं विचारलं, "म्हणजे आता तू चोर पकडणार काय गं?"

"कागदावरचे, आई."

"मंग ते लय शिकलेले असतील."

तिला हसू आलं होतं, मलाही. वर्षभर विहाराच्या अभ्यासिकेत सकाळी बसायचे, तिथून ऑफिस, घरी येऊन परत पुस्तक. पाठ भरून यायची. रविवारी कपडे धुताना डोक्यात प्रश्नोत्तरं चालायची. पास झाल्यावर आनंदापेक्षा झोप जास्त आली. आईच्या हसण्यावर पाणी ओतायचं माझ्या जिवावर आलं.

दिवाळी सरली आणि माझं बाहेरचं काहीतरी अचानक सरांच्या कामाचं झालं. ऑफिसच्या माहितीपत्रकात छापलं गेलं, 'आमच्याकडे प्रमाणित फॉरेन्सिक तज्ज्ञ'. त्यावर बोरिवलीच्या एका सोसायटीचं काम मिळालं. बिल्डिंगच्या दुरुस्तीत कुणीतरी हात मारल्याचा संशय होता. काम मी केलं. कंत्राटदाराशी बोलले, कमिटीतल्या एकेकाला भेटले, गच्चीवर चढून न झालेलं वॉटरप्रूफिंग बघितलं. रिपोर्ट मीच लिहिला. शेवटी ओळ टाकली, तपास कुणी केला याची. पूर्ण नाव. सर्टिफिकेटच्या नियमातच आहे ते. ज्यानं तपासलं त्यानं नावानिशी उभं राहायचं, उद्या कोर्टात बोलावलं तर यायचं.

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. स्क्रीनवर माझी ओळ गेली होती. तिथे होतं, 'आमची फॉरेन्सिक टीम'.

टीम म्हणजे मी. दुसरं कुणी नव्हतं.

"सर, नाव काढलंत?"

"अगं, फर्मचं नाव आहे ना. तुला हवं तर पहिलं नाव टाकू. नुसतं. मॉडर्न वाटतं."

"आडनाव का नको?"

"मला काही प्रॉब्लेम नाही गं. मी असलं मानतच नाही. पण कमिटीत जुनी माणसं आहेत. उगाच रिपोर्ट सोडून भलत्याच गोष्टीची चर्चा होईल. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय."

परत कारणांवर कारणं. मला एकदम खूप थकवा आला. वहिनींचा राग तरी करता येत होता. हा माणूस मला मुलीसारखी म्हणायचा. तो मला मायेनं पुसत होता.

त्या थकव्यातच कळलं की आपण दमतो ते अभ्यासानं नाही. समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून रोज स्वतःला थोडं कमी करून ऑफिसात यायचं, त्यानं दमतो. लहानपणापासून हेच करत आलो. आता अंगात तेवढं बळ उरलं नव्हतं.

मी म्हणाले, "सर, काम माझ्या सर्टिफिकेटवर घेतलंत. पूर्ण नाव जाईल, नाहीतर त्या सर्टिफिकेटचा उल्लेख रिपोर्टमधून काढा. माहितीपत्रकातूनही काढा. आणि का काढला ते सोसायटीला मी स्वतः कळवेन."

"नोकरीचा विचार कर हं."

"केलाय."

खरं तर केला नव्हता.

सोसायटीची सभा तोंडावर होती, सरांना दुसरं कुणी मिळेना. रिपोर्ट पूर्ण नावानं गेला. सभेत मीच उभी राहून वाचला. एका काकांनी आडनाव दोनदा विचारलं. मी दोनदा सांगितलं, माइकवरून.

म्हणून काही उजेड पडला नाही. त्यानंतर तसलं काम मला आलेलं नाही. जीएसटीचे रिटर्न भरते. सर कामापुरतं बोलतात. प्राची म्हणते, "कशाला नडलीस यार, झकास चाललं होतं ना." मी दुसरी नोकरी शोधतेय. मुलाखतीत माणसं बायोडेटाच्या पहिल्या ओळीवर जरा जास्तच रेंगाळतात. मला दिसतं.

रेंगाळू देत. पुढचा रिपोर्ट कुठल्याही ऑफिसातून जाऊ दे, त्यावर हेच नाव असेल, आडनावासकट. ज्याला ते चालत नाही, त्यानं माझ्या कामाला हात लावायचा नाही.