अर्ज माझ्या अक्षरात होता

मंगळवारी सकाळी साखर कारखान्याच्या यार्डात एक ट्रक मागे आला आणि गंगाधर त्याच्याखाली सापडला. दवाखान्यात नेताना वाटेत तो गेला. मला निरोप दुपारी मिळाला. मी शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांवर नंबर घालत होतो. कारखान्याचा ड्रायव्हर दारात उभा राहिला, "भिंगारचे मास्तर तुमीच का?" म्हणाला, आणि मी हो म्हटल्यावर त्यानं सांगितलं. तो गेल्यावर मी हातातल्या पुस्तकावर नंबर घातला, मग पुढच्या पुस्तकावर घातला... किती वेळ घालत होतो ते आठवत नाही.

त्याला आता सहा आठवडे झाले. एवढ्या दिवसांत गंगाधरविषयी बरंच छापून आलं. बास्केटबॉलमध्ये जिल्ह्याचं नाव त्यानं कसं काढलं, त्याची उंची, त्याचा हसरा स्वभाव, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून एकच शब्द वापरला, ‘दुर्दैवी’. तो शब्द मला मान्य नाही. दैवाला यात गोवायचं काही कारण नाही. हे माणसांनी केलं, टेबलाशी बसून, सह्या करून. आणि त्यातला एक कागद माझ्या हातचा आहे. कारखान्याचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर हा लेख छापला जाणार नाही, आणि ज्यांना कळायचं त्यांना नावावाचूनही कळेल.

गंगाधर पुणतांब्याचा. तिथं गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि नदीकाठच्या घरांतून दर पिढीला एखादा गंगाधर असतोच. हा अकरावीसाठी, म्हणजे मॅट्रिकच्या वर्षासाठी, भिंगारला मामाकडे आला. मामा लष्करातल्या ऑफिसर मेसमध्ये माळी होते आणि त्यांची खोली आमच्या खोलीला लागून होती. पोरगा सहा फुटांच्या वर गेलेला होता. त्याला पोचवायला आलेली त्याची आई माझ्या आईला म्हणाली, "हातरुनात घालावं तर पाय भिताडाला लागत्यात. लष्करात एखादी लांब खाट आसंल तर बघा." पुस्तकांशी त्याचं जमलं नाही. मी वाचत बसलो की तो शेजारी येऊन बसे आणि म्हणे, "काय झालं रं पुढं? सांग की, मास्तर." तेव्हा मी मास्तर नव्हतो. पुढे झालो, तेव्हा तो म्हणाला की सरकारला हे फार उशिरा सुचलं.

बराकींच्या मागे जवानांचं बास्केटबॉलचं मैदान होतं. एका संध्याकाळी त्यांना एक गडी कमी पडत होता. हवालदारानं कुंपणापलीकडून जाणाऱ्या गंगाधरला हाक मारली. त्यानं चेंडू पोटाशी धरला तेव्हा हवालदार ओरडला, "अरे लंबू, तरबूज नहीं है!" सगळे हसले, गंगाधरही हसला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. वर्षभरात असं झालं की तो आल्याशिवाय जवान खेळ सुरू करीनात. मॅट्रिकला तो नापास झाला, त्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही. मला खेळातलं कळत नाही. पण त्याचं एक कसब मलाही दिसायचं. भरधाव पळता पळता तो एकदम थांबायचा. अंगावर आलेला माणूस तोल न आवरून पुढे निघून जायचा, आणि मोकळ्या झालेल्या जागेत गंगाधर उडी घेऊन सावकाश चेंडू सोडायचा. मी एकदा विचारलं, हे कसं जमतं? "पळायला काय, कुत्रंबी पळतं," तो म्हणाला. "थांबता आलं पायजे, मास्तर. सगळा जोर गुडघ्यावर घ्यायचा."

नगरच्या एका स्पर्धेत बक्षिसं द्यायला कारखान्याचे चेअरमन आले होते. त्यांनी गंगाधरला पाहिलं आणि बरोबरच्या माणसाला म्हणाले, "पैलवान सगळ्यांकडं हायेत. कबड्डीबी हाय. ह्ये न्हाई कुनाकडं." दोन महिन्यांत कारखान्याचा संघ उभा राहिला. राहायला खोली, जेवण, बूट आणि दरमहा पगार. खेळण्याचा पगार मिळतो हे आमच्या चाळीत कुणाला खरं वाटेना. मामांनी तर त्याला दोनदा विचारलं, "आनि काम काय करायचं?" पण पगार द्यायचा तर मस्टरवर नाव हवं, आणि नावापुढे हुद्दा हवा. कारकुनाच्या जागेला मॅट्रिक लागतं. म्हणून खेळाडूंना ‘यार्ड मजूर, हंगामी’ असं लावून घेतलं. यात लपवाछपवी काही नव्हती. पहिल्या दिवशी सही करताना टाइमकीपरनं विचारलं, "मजूर ना तुमी? मग कोयता कुठाय?" गंगाधर म्हणाला, "कोयता कशाला? ट्रकवरची मोळी उभ्या उभ्याच काढून देतो की." हा किस्सा तो रंगवून सांगायचा आणि मीही हसायचो. कागदावर काही लिहिलं असलं तर ते कधीतरी कुणीतरी वाचतं, एवढं तरी ग्रंथालयातल्या माणसाला कळायला हवं होतं.

पाच हंगाम तो खेळला. सकाळी मस्टरवर सही करायची आणि मैदानावर जायचं, हेच त्याचं काम. पुणे, सोलापूर, कोल्हापूर, जिथं संघ जाई तिथून मला कार्ड येई. एका कार्डावर एवढंच होतं: ‘जिंकलो. भात बरा होता.’ दुसऱ्यावर: ‘हरलो. भात वाईट होता.’ राज्याच्या संघात एकदा राखीव म्हणून त्याची निवड झाली. कारखान्यावर पाहुणे आले की चेअरमन त्याला बोलावून घेत आणि म्हणत, "ह्यो आमचा गंगाधर. याच्याशी वर बघून बोलावं लागतं." त्याच सुमारास त्याचं लग्न झालं. बायको, सुमन, राहात्याची. ती मला सांगत होती, "काम काय करता इचारलं, तर म्हने चेंडू टाकतो. मला वाटलं, पहिल्याच दिशी थट्टा करत्यात."

कारखान्याचं मैदान मुरुमाचं होतं आणि बगॅसच्या ढिगाला लागून होतं. वारा सुटला की उसाचा तो भुसा मैदानभर पसरे आणि पाय सरके. खेळाडूंनी मैदान हलवायला सांगितलं होतं, नुसतं झाडून तरी घ्या म्हणाले होते. तिसऱ्या हंगामात उपांत्य सामन्याला गंगाधर त्याच्या नेहमीच्या पद्धतीनं पळता पळता थांबला; पाय सरकला आणि गुडघा तिथंच फिरला. दुसऱ्या दिवशी अंतिम सामना होता. लेबर ऑफिसर हेच संघाचे मॅनेजर. त्यांनी कंपाउंडरला बोलावून गुडघ्यात इंजेक्शन द्यायला लावलं, वर घट्ट पट्टा बांधला आणि त्याला उतरवलं. संघ जिंकला. त्या दिवशीचा फोटो मी पाहिला आहे. चेअरमनसाहेबांचा हात गंगाधरच्या पाठीवर आहे, गंगाधर हसतो आहे आणि एका पायावर उभा आहे.

नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आतली कूर्चा फाटली आहे, पुण्याला ऑपरेशन करा, सहा महिने पाय टेकू नका. लेबर ऑफिसर म्हणाले, "एवढा हंगाम होऊ दे, गंगाधर. गाळप संपलं की बघू." गाळप संपलं. मग तो विचारायला गेला तेव्हा त्यांनी मस्टर दाखवलं: हंगामी माणसाचं नाव हंगामाबरोबर कमी होतं, आता तू आमच्याकडे नाहीस, तेव्हा दवाखान्याचं आम्हाला काही करता येत नाही. पुढच्या हंगामात नाव लागलं की ये. पुढच्या हंगामात नाव लागलं, आणि सामनेही लागले... असे दोन हंगाम गेले. हे मी जसंच्या तसं लिहितो आहे, कारण एवढा चोख बंदोबस्त मी कुठल्या पुस्तकातही वाचलेला नाही. कामावर असताना सवड नाही, आणि सवड असताना तो कामावर नाही. दोन्ही वेळा बोलणारा माणूस तोच, खुर्ची तीच, आणि दोन्ही वेळा त्यानं गंगाधरला चहा पाजला.

एव्हाना त्याचा गुडघा मधेच अडकू लागला होता. चालता चालता पाय वाकलेल्या जागीच बसे, आणि दोन्ही हातांनी धरून हलवला की मोकळा होई. यंदा पावसानं दगा दिला, ऊस वाळला, संघ मोडणार असं सगळे बोलू लागले. एका रविवारी गंगाधर भिंगारला आला. कारखान्याच्या शाळेत पोरांना खेळ शिकवायचं नाहीतर टाइम ऑफिसात बसायचं काम मागावं, असा त्याचा विचार होता. "तू लिही," तो म्हणाला. "पन गुडघ्याचं नको. आजवर सेवा केली, आता बसायचं काम द्यावं, एवढंच मऊ लिही."

मी म्हटलं, खरं लिहायला काय हरकत आहे? त्यांच्यासाठी खेळताना दुखापत झाली, हाच तर तुझा हक्क आहे.

"तसं न्हाई, मास्तर. त्यांना ठाव हाय. ठाव आसनं येगळं आन् कागदावर आसनं येगळं."

मी ऐकलं नाही. मला माझ्या भाषेचा अभिमान होता. मी एक पानभर अर्ज लिहिला. कोणत्या सामन्यात दुखापत झाली, डॉक्टर काय म्हणाले, आणि ‘सबब यापुढे मजला खेळणे शक्य नाही’, असं स्पष्ट, मुद्देसूद सगळं. वाचून दाखवला. त्यानं कागद हातात घेतला. मग म्हणाला, "तू लिवलंयस म्हंजे बराबरच आसंल," आणि खाली सही केली.

आठ दिवसांत अर्ज परत आला. समासात तांबड्या शाईत दोन वाक्यं होती: ‘अर्जदाराने खेळण्यास असमर्थ असल्याचे लेखी कळविले आहे. सबब मूळ पदावर रुजू करावे.’ मूळ पद म्हणजे यार्ड मजूर. पाच वर्षं ज्या हुद्द्याला सगळे हसले, तो आता खरा झाला. ज्याला पायावर धड उभं राहता येत नाही म्हणून खेळ सोडायचा होता, त्याला दिवसभर उभं राहायचं काम मिळालं. गव्हाण, म्हणजे ऊस जिथं यंत्रात सोडतात ती जागा. तिथं ट्रक मागे मागे येतात, आणि मजुरांनी मागे उभं राहून इशारा करायचा, चाकाखाली दगड लावायचे आणि बाजूला व्हायचं. तो दोन आठवडे तिथं कामाला गेला. गेला नसता तर हंगामातून नाव कमी झालं असतं, आणि सुमनला दिवस गेले होते.

त्या मंगळवारी ट्रकचा ब्रेक लागला नाही. गंगाधरशेजारी यार्डातले जुने मजूर कासमभाई उभे होते. ते मला म्हणाले, "आमी तिघं हटलो. त्यो बी हटला. पाय आला न्हाई त्याच्यासंगट." मी विचारलं, हे तुम्ही पोलिसांना सांगितलं का? "सांगितलं की. त्यांनी लिवलं न्हाई." पंचनाम्यात आहे ते असं: सूचना देऊनही मयत बाजूस न झाल्याने, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.

शोकसभा कारखान्याच्या सभागृहात झाली. त्याच्या नावानं ढाल ठेवण्याचं चेअरमननी जाहीर केलं. लेबर ऑफिसरनी डोळे पुसले. ते रडणं खोटं नव्हतं, आणि त्याचाच मला सर्वांत जास्त संताप आला. सभेनंतर मी त्यांना गाठलं. मला मोठ्यानं बोलता येत नाही. मी एवढंच म्हणालो, की त्याचा पाय चालत नाही हे तुम्हाला माहीत होतं. ते शांतपणे म्हणाले, "आम्हाला काय माहीत होतं याचा प्रश्न नाही. त्यानं लिहून दिलं. अर्ज तुमच्याच अक्षरात आहे, मास्तर. आम्ही मागितला नव्हता." अक्षर माझंच होतं. ते मी नाकारत नाही. पण ज्या माणसाला हे वाक्य इतक्या सहज सुचतं, त्यानं ते आधीच तयार ठेवलेलं असतं, एवढं मला कळतं.

सुमन पुणतांब्याला सासूजवळ आहे. दहाव्यानंतर मी कासमभाईंना घेऊन गेलो तेव्हा तिनं माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. "भाऊजी, निष्काळजी म्हनत्यात त्यांना. पोराला मी काय सांगू? तुझा बाप ध्यान न देता मेला म्हनून सांगू?" मी म्हटलं, मला लिहायला सांगू नकोस. ती म्हणाली, "लिवा. फकस्त मी सांगते तेवढंच लिवा." तिनं सांगितलं: माझे मालक निष्काळजी न्हवते. त्यांचा पाय चालत न्हवता. ह्ये तुमाला ठाव हुतं. तेवढं लिवून द्या. मी तिचा एकही शब्द बदलला नाही. खाली तिनं अंगठा दिला, शेजारी कासमभाईंनी साक्षीदार म्हणून सही केली. यार्डातल्या मजुरानं अशी सही करणं म्हणजे काय, ते त्यांना माहीत होतं.

तो अर्ज मी स्वतः कारखान्यात नेऊन दिला. त्याची पोच माझ्याजवळ आहे. कासमभाईंचं नाव मस्टरवरून कमी झालं आहे. सुमनला सातवा महिना आहे. उत्तर आलेलं नाही.