सातवळणी सरांचा कढीपत्ता

सातवळणी सर वर्गात आले की नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट फळ्याकडे. दोन आडव्या रेघा मारायच्या, ही पेशीची भिंत. मग खडू न उचलता एकच रेघ त्या भिंतीतून आत-बाहेर, आत-बाहेर अशी सात वेळा ओवायची आणि "नोड्री", म्हणजे बघा, असं म्हणून हात झटकायचे. बाहेरचा निरोप पेशीच्या आत पोचवणारा हा रिसेप्टर. छातीतली धडधड, दमेकऱ्याला पंपाने मिळणारा आराम, मोगऱ्याचा वास, सगळीकडे याचेच भाऊबंद. जी प्रोटीनशी जोडलेला वगैरे लांबलचक नाव आम्ही परीक्षेपुरतं पाठ केलं. नव्वदच्या दशकात धारवाडात शिकलेल्या आमच्या पिढीसाठी तो सातवळणी, आणि सरही सातवळणीच.

रोग शिकायचा तर आधी घडण शिका, हा त्यांचा हेका. पोटातलं मूल घडताना कुठल्या पेशीने कुठे जायचं, काय व्हायचं, यातही हेच रिसेप्टर लुडबुड करतात. डोळ्यातला तर दुहेरी कामाचा. तो प्रकाश पकडतो, आणि तोच नसेल तर ती पेशी धड उभीच राहत नाही. हे सांगताना सरांचा आवाज उगाच खाली यायचा. आम्हांला वाटायचं, घसा बसला असेल.

एक मात्र खुपायचं. पाच वाजले की प्रयोग अर्धा टाकून सर घरी. मळमड्डीच्या रस्त्यावर एकदा तिन्हीसांजेला मी समोरून नमस्कार केला, तर हा माणूस सरळ पुढे निघून गेला. एवढा कसला ताठा! मी पंधरा दिवस फुगून बसले, वर्गात मागच्या बाकावर.

त्याच बाकावर असताना कुणीतरी विचारलं, की डोळ्यातल्या या रिसेप्टरच्या जनुकात एकच अक्षर चुकलं तर काय होतं?

"नोड्री," सर म्हणाले, "मग माणूस पाच वाजता घरी जातो."

वर्ग हसला. मला मात्र मळमड्डीच्या रस्त्यावरची ती तिन्हीसांज आठवली. आधी अंधारातलं दिसेनासं होतं, मग कडेचं, मग नजर नळीएवढी उरते, हे त्यांनीच शिकवलं होतं की. त्या दिवसापासून पाचच्या ठोक्याला त्यांची पिशवी उचलून मी बरोबर चालू लागले. त्यांनी कारण विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

असं मी त्यांच्या घरात शिरले. घर सोवळ्याओवळ्याचं, पण दिवेलागणीनंतर सर लेकीला परसात पिटाळायचे. मंजू तेव्हा दहा-बारा वर्षांची. "कढीपत्ता आण गं, दिवा नको लावू." दिवे लागल्यावर झाडाला हात लावू नये, म्हणून काकू रोज करवादायच्या. आमटीत डाळ कमी आणि पाला जास्त अशी तऱ्हा. सर मात्र दारात कान टवकारून उभे. मंजू न अडखळता परत आली की त्यांचा चेहरा सैल पडायचा. एकदा मला म्हणाले, बापाकडून पोरीला हे जायची शक्यता निम्मी. रक्त तपासून घ्यायचं की नाही, ते ती मोठी झाल्यावर ठरवेल. माझ्या जिवाला घोर आहे म्हणून मी तिच्या दंडाला सुई लावणार नाही.

पुढे मी हुबळीत नोकरीला लागले. काही वर्षांनी देशपांडे नगरातल्या माझ्या घरी मंजू एकटीच आली, हातात बाहेरगावच्या प्रयोगशाळेचा कागद. तेच अक्षर चुकलेलं. मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. तीच माझी समजूत काढत बसली.

"अक्का, अप्पांना सांगू नका. परसात मी पावलं मोजून जाते. झाडापर्यंत अठ्ठावीस. त्यांना बरं वाटतं ना, तेवढं राहू दे."

मी शब्द दिला. त्यानंतर मळमड्डीला गेले की सरांशी बोलताना जीभ अडखळायची. ज्या माणसाने मला खरं बोलायला शिकवलं, त्याच्यासमोर मी दोन वर्षं चक्क खोटं वागत होते.

सर अंथरुणाला खिळले तेव्हाची शेवटची भेट. दिसणं जवळपास संपलेलं. नेम मात्र सुटला नव्हता. मंजूने परसातून आणलेली डहाळी त्यांच्या हातात ठेवली आणि ती आत चहा टाकायला गेली. सर बोटांनी एकेक पान चाचपत राहिले.

"कोवळी पानं वर असतात. दिसणारा माणूस ती तोडतो. ही कितीतरी दिवस एकाच फांदीची जून पानं आणते आहे, हाताला लागतील ती."

त्यांनी डहाळी उशाशी ठेवली.

"तिला कळू देऊ नकोस. अप्पा निश्चिंत आहेत असं वाटतं तिला. तेवढं राहू दे."

मी बरं म्हटलं. चहा आला. मंजूने विचारलं, पानं चांगली आहेत ना? सर म्हणाले, फार छान. मी कपात तोंड खुपसून बसले.

सर गेले त्याला बरीच वर्षं झाली. बाप-लेकीला दिलेले दोन्ही शब्द मी आजवर पाळले, आणि त्याचं ओझं मला आता झेपत नाही. मंजूला हल्ली छापील अक्षर दिसत नाही, तिचा नवरा वाचून दाखवतो. तेव्हा जावईबापू, एवढं शेवटचं जरा सावकाश वाचा.

मंजू, अप्पांना ठाऊक होतं.